शाळेच्या संगणकावरील शॉर्टकट

ग्रामीण भागातील पुष्कळशा प्राथमिक शाळांच्या कार्यालयांत आता संगणक आलेला आहे व विद्यार्थ्यांची हजेरी, पोषण आहाराचा हिशेब, आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या नोंदी इत्यादी कामे त्यावर होऊ लागली आहेत. ह्या फाइली फोल्डरांत व ते फोल्डर पुन्हा दुसऱ्या फोल्डरांत ठेवलेले असतात. रोज लागणाऱ्या एका फाइलीसाठी रोज चार दारे ओलांडावी लागतात. हा खटाटोप वाचविण्याकरिता जी सोय केलेली आहे तिला शॉर्टकट म्हणतात. विंडोज प्रणालीत ती 1995 पासून आहे. सोय लहान आहे खरी. परंतु तिचे स्वरूप नीट ध्यानात न घेतल्यास वर्षभराच्या नोंदी ऐन वेळी हाती न लागण्याचा प्रसंग येतो.

शाळेच्या ग्रंथालयातील सूचीकार्ड शिक्षकांच्या परिचयाचे असते. कार्डावर पुस्तकाचे नाव आणि ते कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आहे एवढेच लिहिलेले असते. कार्ड फाटले म्हणून पुस्तक फाटत नाही. आणि कार्ड खिशात घालून परगावी गेल्यास तेथे पुस्तक वाचता येत नाही. शॉर्टकट हे असेच एक कार्ड होय. त्यात फाइलीतील मजकूर नसतो, फाइल कोठे ठेवली आहे त्याचा पत्ता असतो.

शॉर्टकट करण्याची कृती सोपी आहे. मूळ फाइलीवर किंवा फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबावे. जी यादी उघडते तीत ‘सेंड टू’ निवडावे व त्यातून ‘डेस्कटॉप’ ह्या पर्यायावर बोट ठेवावे. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 मध्ये ‘सेंड टू’ प्रथम दिसत नाही. तेथे आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’ निवडावे लागते. डेस्कटॉपवर जे नवे चिन्ह उमटते त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसा वाकडा बाण असतो. हा बाण म्हणजे शॉर्टकटची ओळख. चिन्हाचे नाव मराठीत बदलून ‘इयत्ता चौथी नोंदी’ असे ठेवण्यास हरकत नाही. त्यामुळे मूळ फाइलीचे नाव बदलत नाही.

पुष्कळ जण ही कृती न करता फाइल माउसने ओढून सरळ डेस्कटॉपवर आणतात. तसे करणे टाळावे. मूळ फाइल डी ड्राइव्हवर आणि डेस्कटॉप नेहमीप्रमाणे सी ड्राइव्हवर असेल, तर अशा ओढण्याने फाइलीची दुसरी प्रत तयार होते. मग एक शिक्षक डेस्कटॉपवरील प्रतीत गुण भरतात, दुसरे मूळ प्रतीत भरतात आणि वर्षाअखेरीस दोन निकालपत्रके जुळत नाहीत. दोन्ही जागा एकाच ड्राइव्हवर असतील तर प्रत होत नाही, मूळ फाइलच जागा सोडून डेस्कटॉपवर येते. ओढूनच आणावयाची असेल तर कळफलकावरील ‘आल्ट’ ही कळ दाबून धरून ओढावी, म्हणजे शॉर्टकटच तयार होतो.

शॉर्टकट पुसून टाकल्यास केवळ कार्ड गेले असे समजावे. मूळ फाइल सुरक्षित राहते व तिचा शॉर्टकट पुन्हा करता येतो. तेव्हा संगणक हाताळताना एखाद्या मुलाने डेस्कटॉपवरील चिन्ह पुसले तर त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. मात्र फोल्डरच्या शॉर्टकटमधून आत शिरले की आपण खऱ्या फोल्डरमध्येच आलेलो असतो. तेथे पुसलेली फाइल खरोखरच पुसली जाते. उलटपक्षी, मूळ फाइल पुसली गेल्यास डेस्कटॉपवरील चिन्ह तसेच राहते, पण ते उघडत नाही. चिन्ह दिसते म्हणून फाइल आहे, असे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत अधिक फसगत पेन ड्राइव्हच्या बाबतीत होते. केंद्रावर निकाल सादर करावयाचा आहे. शिक्षक डेस्कटॉपवरील चिन्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घेतात. खात्री करावी म्हणून तेथूनच ते उघडून पाहतात आणि फाइल उघडते! उघडणारच, कारण पत्ता त्याच संगणकातील आहे व फाइलही तेथेच आहे. दहा किलोमीटर दूर केंद्रशाळेत मात्र त्या पत्त्यावर काहीच नसते. म्हणून शाळेच्या संगणकावर घेतलेली ही परीक्षा निरुपयोगी होय. चिन्हावर बाण आहे काय हे पाहावे. तरीही शंका राहिल्यास उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. तेथे ‘टार्गेट’ ह्या शब्दापुढे पत्ता दिसला व आकार एकदोन किलोबाइटच असला, तर तो शॉर्टकट आहे. त्याच ठिकाणी ‘ओपन फाइल लोकेशन’ हे बटण असते. ते दाबले की मूळ फाइलीची जागा उघडते. प्रत तेथून घ्यावी.

कधी कधी पेन ड्राइव्हवरील आपले फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसू लागतात. हे विषाणूचे काम असते. मूळ फोल्डर प्रायः पुसलेले नसतात, लपविलेले असतात. पण नवा शॉर्टकट उघडणे म्हणजे विषाणूला स्वतःच्या हाताने दार उघडून देणे होय. अशा वेळी ते चिन्ह उघडू नये, घाईने पेन ड्राइव्ह फॉरमॅटही करू नये. विषाणुरोधक प्रणालीने तपासणी करून जाणकाराकडून फोल्डर दृश्य करून घ्यावेत.

मुख्याध्यापकांची बदली होते तेव्हा कार्यभाराच्या यादीत ‘सर्व फाइली डेस्कटॉपवर आहेत’ असे लिहिलेले आढळते. त्यांपैकी काही चिन्हे जाणाऱ्या गृहस्थांच्या स्वतःच्या पेन ड्राइव्हकडे बोट दाखवीत असतात व तो त्यांच्याबरोबर निघून जातो. ह्यासाठी यादीत प्रत्येक फाइलीचा ड्राइव्ह, फोल्डर व नाव लिहावे आणि येणाऱ्या मुख्याध्यापकांनी सही करण्यापूर्वी प्रत्येक फाइल मूळ जागेवरून उघडून पाहावी.