दीर्घायुष्याचे दोन धडे : ग्रीनलंड शार्क आणि दगडफूल

आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. नावात फूल असले तरी ते फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचे ते सहजीवन आहे. बुरशी आसरा देते, शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. याचाच एक भाऊबंद म्हणजे 'ऱ्हायझोकार्पॉन जिओग्राफिकम'. ग्रीनलंडसारख्या थंड प्रदेशातील खडकांवर त्याचे पिवळसर-हिरवे, काळ्या किनारीचे ठिपके नकाशासारखे दिसतात. हा ठिपका वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. पण हजारो वर्षे टिकू शकतो. त्याची रुंदी मोजून हिमनदी मागे हटून खडक केव्हा उघडा पडला, याचा अंदाज बांधतात. रोलंड बेशेल या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही पद्धत मांडली.

त्याच ग्रीनलंडच्या समुद्रात, दोन हजार मीटरपेक्षाही खोल पाण्यापर्यंत, ग्रीनलंड शार्क वावरतो. तोही वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. त्याच्या नेत्रभिंगाचा गाभा जन्मापूर्वीच घडतो व पुढे बदलत नाही. त्यातील किरणोत्सारी कार्बन मोजून २०१६ साली शास्त्रज्ञांनी २८ माद्यांचे वय काढले. सर्वांत मोठी मादी ५०२ सेंटिमीटर लांब होती. तिचे वय सुमारे ३९२ वर्षे, निदान २७२ वर्षे तरी असावे, असे आढळले.

एक प्राणी, दुसरे दोन जीवांचे एकत्र जगणे. एक अंधाऱ्या पाण्यात, दुसरे उघड्या खडकावर. साम्य एवढेच की थंडीत दोघांचेही जीवन अतिशय संथ चालते.

परंतु या संथपणाची एक बाजू आपण विसरता कामा नये. या शार्कची मादी सुमारे दीडशे वर्षांची झाल्यावरच प्रजननक्षम होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यकृताच्या तेलासाठी त्यांची मोठी शिकार झाली; आजही इतर माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत ते सापडतात. शंभर वर्षांची मादी मेली, तर ती एकही पिल्लू मागे न ठेवता जाते. खडकावरचा ठिपकाही बुटाच्या टाचेने क्षणात खरवडला जातो. तेवढा पुन्हा वाढायला शतके लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय, हे दगडफुलाकडे पाहून समजते. कारणे एकत्र आली तर ते आहे, एक कारण गेले तर ते नाही. शतकानुशतके जगणारेही अनित्यच आहेत. म्हणूनच जे सावकाश घडते, ते घाईने मोडू नये. पंचशीलातील पहिले शील उच्चारताना हे दोन जीव आठवावेत.