इंजिन तेच, पण पाठ वेगळी!

‘‘इंजिन तेच आहे ना, मग बसणारच की!’’

थर्ड इयरच्या सुट्टीत मी गावाकडच्या एका गॅरेजात अण्णांच्या हाताखाली पाने उचलून द्यायला जायचो, तेव्हा हे वाक्य मीच ठोकलं होतं. ऑइलविना जाम झालेली एक ऑटोमॅटिक गाडी आली होती आणि जुन्या बाजारातून त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीचं चांगलं इंजिन मिळालं होतं. अण्णा हसून म्हणाले, ‘‘इंजिनिअरसाहेब, इंजिन पुढून नका बघू, मागून बघा!’’

मित्रांनो, तर आपण मागूनच बघू या. ब्लॉक, हेड, पिस्टन हे सगळं बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखंच असतं. फरक सुरू होतो तो क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला.

मॅन्युअल गाडीत तिथे जाडजूड फ्लायव्हील असतं, कारण क्लचप्लेटला घासायला पृष्ठभाग हवा आणि इंजिनचे झटके पचवायला वजन हवं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर येतो. वजन त्याचंच पुरेसं होतं. म्हणून क्रँक आणि कन्व्हर्टर यांना जोडायला फक्त एक पातळ पोलादी चकती असते, तिला म्हणतात फ्लेक्सप्लेट. कन्व्हर्टर दाबाने आणि उष्णतेने किंचित मागेपुढे होतो, तेवढी ही चकती लवते.

म्हणजे आमचं काम सोपं होतं. नव्या इंजिनचं फ्लायव्हील उतरवायचं आणि जुन्याची फ्लेक्सप्लेट चढवायची. मी चढवलीही! टॉर्क रेंच ‘टक्’ वाजला, सगळे बोल्ट टाइट. अण्णांनी येऊन प्लेट हाताने हलवली, तर ती चक्क खडखडली. मी फ्लायव्हीलचेच बोल्ट वापरले होते. फ्लायव्हील जाड, म्हणून त्याचे बोल्ट लांब. पातळ प्लेटला लावल्यावर ते क्रँकच्या भोकात तळाला टेकले. रेंचला वाटलं आवळलं, पण प्लेट दाबलीच गेली नव्हती. तशीच गाडी सुरू केली असती, तर प्लेट आणि क्रँक दोन्हींची वाट लागली असती. तेव्हापासून बोल्ट ज्याचे त्यालाच!

पुढचा धोका कन्व्हर्टरचा. तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि आतल्या ऑइलपंपाच्या खाचांत पूर्ण बसला पाहिजे. फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने ‘खट्’ करत आत जातो. अर्धवट बसलेला असताना बेलहाउसिंग बोल्टने ओढून जुळवलं, तर पंप फुटतो. नियम साधा आहे. हाउसिंग हातानेच ब्लॉकला टेकलं पाहिजे आणि त्यानंतरही कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे.

आता उलटा प्रकार बघा. ऑटोमॅटिकचं इंजिन मॅन्युअल गाडीत! अनेक रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये टेकतं. ऑटोमॅटिकसाठी बनवलेल्या क्रँकमध्ये ते बेअरिंग नसतं. अमेरिकेतल्या क्रायसलरच्या जुन्या व्ही-8 इंजिनांत तर काही वेळा त्याचं भोकही पूर्ण पाडलेलं नसे. आणखी गंमत म्हणजे 1971 मध्ये आलेलं त्यांचं 360 इंजिन. त्याच्या बॅलन्सिंगचा काही भाग इंजिनच्या बाहेर होता, ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरवर आणि मॅन्युअलमध्ये फ्लायव्हीलवर. साधं बॅलन्स केलेलं फ्लायव्हील लावलं की इंजिन थरथरायला लागणार. डायनॅमिक्समधलं बॅलन्सिंगचं गणित इथे भेटतं बरं का!

वायरिंगचाही विचार हवा. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट होते, आणि इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सला थ्रॉटल किती उघडला आहे ते कळावं लागतं. म्हणून लोखंड नवीन इंजिनचं घेतलं, तरी ईसीयू, सेन्सर आणि वायरिंग शक्यतो ज्या गाडीत इंजिन बसवायचं तिचंच ठेवावं.

आणि हो, सगळ्या ‘ऑटोमॅटिक’ सारख्या नसतात. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटीत नेहमीचं फ्लायव्हील आणि क्लचच असतो, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. तिथे कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटची भानगडच नाही. व्हायवाला विचारलं तर गडबडू नका!

शेवटचं काम कागदाचं. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. त्यामुळे इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार आरटीओची मंजुरी घ्यावी लागते. नाहीतर गाडी पळेल, पण विकताना किंवा विम्याचा क्लेम करताना अडकेल.

असो. आमची ती गाडी तिसऱ्या दिवशी सुरू झाली. अण्णांनी चहा मागवला आणि ते लांब बोल्ट माझ्या हातात ठेवून म्हणाले, ‘‘राहू दे, आठवण म्हणून.’’ त्यातला एक अजून माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे. ‘तेच आहे ना, मग बसणारच’ असं तोंडात आलं की आधी त्याच्याकडे बघतो!