पार्टिशनची खरी मदार भिंतीतल्या गिट्टीवर
वसई, प्रतिनिधी

नालासोपारा-विरारमधील वन रूम किचनच्या घरात मुले मोठी होऊ लागली, की हॉलचा एक भाग वेगळा काढण्याचा विषय निघतोच. अशा वेळी विटांच्या भिंतीऐवजी धातूच्या चॅनलवर जिप्सम बोर्ड बसवलेले पार्टिशन सोयीचे ठरते. दहा फूट रुंद व नऊ फूट उंच अशा साडेचार इंची विटांच्या भिंतीचे वजन प्लास्टरसह सुमारे दोन टन भरते. तेवढ्याच पार्टिशनचे जेमतेम २०० किलो. जुन्या इमारतीच्या स्लॅबच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

मात्र दार आपटताच हे पार्टिशन थरथरू लागले, तर दोष बहुधा बोर्डाचा नसतो. मूळ भिंतीला टेकणारा पहिला उभा चॅनल कसा बसवला आहे, ते आधी पाहावे.

डोळ्यांना दिसते ते प्लास्टर, आणि भार पेलण्याचे काम त्याचे नव्हे. दीड इंची स्क्रूचा जवळजवळ अर्धा भाग प्लास्टरमध्येच संपतो. म्हणून कारागीर जिला 'गिट्टी' म्हणतात, तो नायलॉनचा प्लग प्लास्टरच्या पलीकडे विटेत किमान ४० मि.मी. गेला पाहिजे. छिद्र त्याहून सेंटीमीटरभर खोल असावे आणि त्यातील भुकटी काढून टाकावी. घाईत नेमके हेच राहते. दोन गिट्ट्यांतील अंतर दोन फुटांहून अधिक नको.

ड्रिलमधून बाहेर येणारी भुकटी बरेच काही सांगून जाते. लाल असेल तर वीट लागली. करडी, रेताड असेल तर दोन विटांमधला सांधा. तेथे गिट्टी सैल पडते, छिद्र थोडे सरकवावे. नव्या इमारतींत भुकटी पांढरट, पिठासारखी येते. ते हलके ब्लॉक, बोलीभाषेत सिपोरेक्स. येथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, अन्यथा छिद्र रुंदावते; या ब्लॉकसाठीची वेगळी, लांब गिट्टी वापरावी. वसई गावातील चुन्यात बांधलेल्या जुन्या घरांत पसरणारे लोखंडी फास्टनर टाळलेले बरे, कारण त्यांच्या दाबाने ठिसूळ वीट फुटते.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला पार्टिशन जोडायचे असेल, तर आधी गळतीचा बंदोबस्त करावा. ओल लागलेले जिप्सम मऊ पडते, चॅनल गंजतो. आणि ड्रिल लावण्यापूर्वी भिंतीत दडवलेली वायरिंग व नळ कोठून गेले आहेत, याची इलेक्ट्रिशियन व प्लंबरकडून खात्री करून घ्यावी.