बसलेल्या घशाचा अल्बम

१९७४ च्या सुरुवातीला बनारसच्या शिवपूर भागात पंडित रविशंकरांच्या नव्या घराची पूजा झाली. आई हेमांगिनीदेवींच्या नावावरून घराचं नाव ठेवलं होतं ‘हेमांगना’. याच शहरात जन्मलेला, तिळभांडेश्वरच्या गल्लीत वाढलेला आणि दहाव्या वर्षी थोरल्या भावाच्या, उदयशंकरांच्या पथकाबरोबर पॅरिसला गेलेला मुलगा जगभर सतार वाजवून पुन्हा आपल्या गावात घर करत होता. पूजेला आलेल्या पाहुण्यांमध्ये लिव्हरपूलच्या एका बसचालकाचा मुलगाही होता. त्याचं नाव जॉर्ज हॅरिसन. बीटल्स फुटून चार वर्षं होत आली होती, संसार मोडायला आला होता, दारू वाढली होती आणि वय होतं जेमतेम तिशीचं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा ‘डार्क हॉर्स’ हा अल्बम बाजारात आला. पॉप संगीताच्या इतिहासात फार थोड्या ध्वनिमुद्रिकांची इतकी हेटाळणी झाली असेल. ‘रोलिंग स्टोन’सारख्या वजनदार नियतकालिकाने तो अक्षरशः निकालात काढला. अमेरिकेत तो चौथ्या क्रमांकापर्यंत चढला खरा, पण ब्रिटनमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात, खपाच्या यादीत त्याला जागासुद्धा मिळाली नाही. आजही हॅरिसनच्या चांगल्या अल्बमची यादी निघते तेव्हा ‘डार्क हॉर्स’ तळाशी असतो. माझं मत वेगळं आहे. या अल्बमचा उगम लंडन किंवा लॉस एंजेलिसपेक्षा बनारस, वृंदावन आणि मुंबईत शोधायला हवा होता. तो तिथे कुणी शोधला नाही, म्हणून त्याला न्याय मिळाला नाही.

हॅरिसनचं बनारसशी नातं जुळलं ते आठ वर्षं आधी. १९६६ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत त्याने ‘लव्ह यू टू’ हे भारतीय वळणाचं गाणं केलं. त्यात तबल्याला होते अनिल भागवत. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेष्टनावर हे नाव छापलेलं आहे, आणि आपल्याकडे ते फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात हॅरिसन पत्नी पॅटीसह मुंबईत आला. मिशी वाढवून, सॅम वेल्स असं खोटं नाव सांगून तो ताजमध्ये उतरला. बातमी लपली नाही. हॉटेलबाहेर गर्दी लोटली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि सतारीचे धडे घ्यायला आलेल्या शिष्याला घेऊन पंडितजींना काश्मीर गाठावं लागलं. दल सरोवरातल्या हाऊसबोटीत रियाज सुरू झाला. याच प्रवासात पंडितजींनी त्याला आपलं बनारसही दाखवलं.

तेव्हा रामनगरची रामलीला चालू होती. गंगेपलीकडे, काशीनरेशांच्या किल्ल्याभोवती ती अनंत चतुर्दशीला सुरू होते आणि महिनाभर चालते. तिला एक रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका अशा जागा गावात आणि शेतमाळावर वाटून दिलेल्या आहेत आणि प्रसंगागणिक सगळा जमाव पायी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत. पेट्रोमॅक्सच्या आणि मशालींच्या उजेडात रामायणी मंडळी रामचरितमानस गातात आणि महाराज हत्तीवर बसून लीला पाहतात. तेव्हाचे काशीनरेश विभूती नारायण सिंह असेच हत्तीवरून येत. हॅरिसनने हे सगळं पाहिलं, माळावर उतरलेले हजारो साधू पाहिले. त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत तो अमेरिकेतल्या स्टेडियमांत किंचाळणाऱ्या गर्दीपुढे गात होता. त्या किंकाळ्यांत बीटल्सना स्वतःचं वाजवणंसुद्धा ऐकू येत नसे. इथे त्याहून मोठा जमाव होता, आणि तो कुणाही गायकाला पाहायला जमलेला नव्हता. या अनुभवाबद्दल हॅरिसन पुढे अनेक वर्षं बोलत राहिला.

या प्रवासात त्याने योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं. त्यातून त्याला लाहिरी महाशय भेटले. बनारसच्या गल्लीत राहून सरकारी नोकरी आणि संसार सांभाळत क्रियायोग शिकवणारा हा गृहस्थ १८९५ साली वारला होता. १९६७ मध्ये बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर चित्रपटतारे, लेखक, मुष्टियोद्धे यांच्या गर्दीत लाहिरी महाशय, त्यांचे गुरू बाबाजी, शिष्य युक्तेश्वर आणि प्रशिष्य योगानंद असे चौघे उभे आहेत. ती निवड हॅरिसनची.

पुढे सतार मात्र त्याने सोडली. आयुष्यभराच्या रियाजाशिवाय ती आपल्याला साधणार नाही हे त्याला १९६८ च्या सुमारास कळलं, आणि पंडितजींनीही त्याला त्याच्या मुळांकडे जायला सांगितलं. तो गिटारकडे परतला, पण कान बदलून परतला. त्याची स्लाइड गिटार नीट ऐका. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो मधली सगळी वाट दाखवत जातो. ती मींड आहे. त्याने सतार सोडली असं म्हणण्यापेक्षा ती गिटारच्या तारेवर आणून ठेवली, असं मी म्हणेन.

मुंबईचा वाटाही सांगायला हवा. जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी हॅरिसन फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचं यंत्र तिथे नव्हतं. ते एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. स्टुडिओला आवाज अडवणाऱ्या भिंतीही नव्हत्या. त्यामुळे संध्याकाळी आसपासची ऑफिसं सुटली आणि जिन्यावर पावलं वाजू लागली की काम थांबायचं. शिवकुमार शर्मा, सरोदवादक आशिष खाँ, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर अशी माणसं त्या खोलीत वाजवून गेली. ‘वंडरवॉल म्युझिक’ हा कुठल्याही बीटलचा पहिला स्वतंत्र अल्बम, आणि त्याचा मोठा भाग आपल्या फोर्टात घडला.

आता पुन्हा १९७४ कडे. ‘हेमांगना’त राहत असताना हॅरिसनच्या डोक्यात एक कल्पना आली. भारतातले निवडक वादक एकत्र करून एक मोठा वाद्यवृंद बांधायचा आणि तो पंडितजींच्या रचनांसह युरोप-अमेरिकेत न्यायचा. तिथून तो वृंदावनला गेला. पहाटेच्या अंधारात तिथे चाललेलं नामसंकीर्तन त्याने ऐकलं, त्यात तो सामील झाला आणि श्रीपाद महाराज नावाच्या वैष्णव विद्वानांनी सुचवल्यावर त्या भजनाचं गाणं केलं. ‘इट इज ही (जय श्री कृष्ण)’ हे ते गाणं, ‘डार्क हॉर्स’चा शेवट त्यानेच होतो. ‘सिम्पली शेडी’ हे दुसरं गाणंही याच प्रवासातलं, मुंबईत लिहिलेलं. त्यात त्याने स्वतःच्या व्यसनी दिवसांचा हिशेब मांडला आहे. वृंदावनात भजन आणि मुंबईत पश्चात्ताप अशी दोन गाणी एकाच फेरीत सुचतात, तेव्हा तो माणूस कुठल्या ओढाताणीत होता ते कळतं. या प्रवासात त्याच्याबरोबर गॅरी राइट हा गायकही होता. हॅरिसनने दिलेल्या योगानंदांच्या पुस्तकातून त्याला ‘ड्रीम वीव्हर’ हे गाणं सुचलं आणि पुढे ते त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं ठरलं.

बाकीचं वर्ष धावपळीत गेलं. मे महिन्यात हॅरिसनने स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. तिचं बोधचिन्ह म्हणजे सात तोंडांचा उच्चैःश्रवा, समुद्रमंथनातून निघालेला. पंडितजींच्या ‘शंकर फॅमिली अँड फ्रेंड्स’ या अल्बमची निर्मिती त्याचीच होती. शिवाय स्प्लिंटर या नव्या जोडीचा अल्बम त्याने केला आणि भारतातून आलेल्या वादकांचं ध्वनिमुद्रणही. उन्हाळ्यात पॅटी घर सोडून गेली, त्याच्याच मित्राकडे, गिटारवादक एरिक क्लॅप्टनकडे. ‘सो सॅड’मध्ये त्या मोडत्या संसाराचं दुःख सरळ आहे. ‘बाय बाय, लव्ह’ हे एव्हर्ली बंधूंचं जुनं गाणं त्याने शब्द बदलून त्या दोघांवर बेतलं. हे दुसरं गाणं मला आवडत नाही. घरातला राग त्यात कच्चाच राहिला आहे, त्याचं संगीत झालेलं नाही.

पंडितजींच्या वाद्यवृंदातल्या वादकांची यादी मात्र मनात साठवून ठेवावी अशी आहे. हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, अल्लारखा, सारंगीवर सुलतान खाँ, व्हायोलिनवर एल. सुब्रमण्यम, बनारसच्याच मातीतले शहनाईवादक अनंतलाल, आणि गायला लक्ष्मी शंकर. लक्ष्मी शंकर यांनी मुंबईत आपल्या प्रा. बी. आर. देवधरांकडेही गाण्याचं शिक्षण घेतलं होतं. २३ सप्टेंबर १९७४ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या वाद्यवृंदाची पहिली मैफल झाली. राग तेच, पण वीस हात एकाच वेळी लिहून दिलेली रचना वाजवत आहेत, मध्येच एकेकट्याला मोकळी जागा मिळते आहे, असा तो प्रयोग. एकट्या कलाकाराच्या उपजेवर उभ्या असलेल्या आपल्या संगीतात हे धाडसाचं काम होतं.

दोन नोव्हेंबरला कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये दौरा सुरू होणार होता. बीटल्सपैकी कुणीही एकट्याने उत्तर अमेरिकेत केलेला हा पहिला दौरा. तारीख पक्की होती आणि अल्बम अर्धवट. दिवसा तालीम, रात्री ध्वनिमुद्रण असं करता करता हॅरिसनचा घसा बसला. ‘डार्क हॉर्स’ हे शीर्षकगीत त्याने ऑक्टोबरच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दौऱ्याच्या वादकांबरोबर तसंच, फाटलेल्या आवाजात रेकॉर्ड केलं. इथे त्याची चूक झाली यात शंका नाही. आपल्याकडच्या कुठल्याही गवयाने त्याला सांगितलं असतं, घसा बसला की गप्प बसावं, गरम पाणी प्यावं आणि तारीख पुढे ढकलावी. तारीख पुढे ढकलणं त्या धंद्यात शक्य नव्हतं, की त्याला तसं करायचंच नव्हतं, हे सांगता येत नाही. मात्र तो फाटका आवाज गाण्याच्या आशयाला शोभतो, असं मला दर वेळी वाटतं. चारी बाजूंनी थकलेल्या माणसाचं गाणं गोड गळ्यातून आलं असतं तर त्यावर विश्वास बसला नसता.

दौऱ्यात लोकांना हवे होते बीटल्स. हॅरिसन त्या जुन्या गाण्यांपैकी मोजकीच गायचा, आणि लेननच्या ‘इन माय लाइफ’मध्येही त्याने शब्द बदलून देव आणला. त्यात मध्यंतराच्या आसपास पंडितजींचा वाद्यवृंद. रॉकसाठी तिकीट काढून आलेली पोरं आरडाओरडा करायची, हॅरिसन त्यांना शांत ऐकायला सांगायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यावरही टीका व्हायची. नोव्हेंबरच्या शेवटी शिकागोत पंडितजींच्या छातीत दुखू लागलं आणि काही कार्यक्रम त्यांच्याविना करावे लागले. तेव्हा वाद्यवृंद लक्ष्मी शंकर यांनी सांभाळला. २० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दौरा संपला.

टीकाकारांची तक्रार दुहेरी होती. आवाज नाही, आणि वर उपदेश. पहिली रास्त आहे. दुसरीबद्दल माझं म्हणणं असं की त्यांनी अल्बमचं वेष्टनसुद्धा नीट पाहिलं नाही. त्यावर हॅरिसनच्या लिव्हरपूलच्या शाळेचा जुना सामुदायिक फोटो कमळात बसवला आहे आणि मागे हिमालयावर आकाशात बाबाजी आहेत, लाहिरी महाशयांचे गुरू. स्वतःला गुरू म्हणवणारा माणूस आपला चेहरा मोठा छापतो. याने वर्गातल्या पोरांच्या रांगेतला आपला छोटा चेहरा छापला. ‘सिम्पली शेडी’त स्वतःचे दोष, ‘सो सॅड’मध्ये स्वतःचं मोडलेलं घर आणि अखेरीस वृंदावनचं भजन, या क्रमात उपदेश कुठे आहे? आपले संत आधी स्वतःचे अवगुण सांगतात आणि मग नाम घेतात. ही रीत माहीत असलेल्या मराठी श्रोत्याला या अल्बमचा नकाशा पहिल्या ऐकण्यातच कळावा.

टीकेचा घाव त्याच्या मनाला लागला. पुढच्याच वर्षी ‘धिस गिटार’ या गाण्यातून त्याने टीकाकारांना उत्तर दिलं. अमेरिकेत पुन्हा दौरा काढला नाही. बनारसची ओढ मात्र सुटली नाही. १९९७ मध्ये त्याच्याच निर्मितीत पंडितजींचा ‘चँट्स ऑफ इंडिया’ आला. २९ नोव्हेंबर २००१ ला तो गेला, तेव्हा रक्षा काशीला गंगेत सोडणार असल्याच्या बातम्या आल्या आणि पत्रकार घाटांवर जाऊन बसले. कुटुंबाने काहीही जाहीर केलं नाही. मुलगा धनी आणि संगीतकार मित्र जेफ लिन यांनी पुरा केलेला ‘ब्रेनवॉश्ड’ हा अल्बम पुढच्या वर्षी निघाला. त्यात ‘मारवा ब्लूज’ ही मारव्याचं नाव घेतलेली गिटारची रचना आहे, तिला २००४ साली ग्रॅमी मिळालं. अल्बमचा अगदी शेवट होतो तो पार्वतीपतीच्या जयघोषाने, आपल्याकडे कीर्तनात बुवा म्हणतात त्याच. बाप-लेकाचे आवाज त्यात एकत्र आहेत.

‘रविशंकर्स म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया’ हा त्या वाद्यवृंदाचा अल्बम १९७६ मध्ये निघाला आणि अल्बर्ट हॉलच्या मैफलीच्या चित्रफितीसह २०१० च्या ‘कोलॅबरेशन्स’ या संचात पुन्हा आला. ‘डार्क हॉर्स’ही आज सहज मिळतो. दिवाळीच्या सुट्टीत निवांत वेळ मिळाला तर आधी ती मैफल पाहा, मग ‘सिम्पली शेडी’, ‘सो सॅड’ आणि ‘इट इज ही’ ही तीन गाणी याच क्रमाने ऐका. शीर्षकगीत शेवटी लावा, आवाज थोडा मोठा करून.