छायाचित्राची पारख

वसई-विरारच्या जुन्या व्यापारी घरांत, पेढीच्या भिंतीवर किंवा एखाद्या पेटीच्या तळाशी, पूर्वजांचे पिवळसर छायाचित्र आढळते. पगडी घातलेले आजोबा ताठ बसलेले, चेहऱ्यावर हसू नाही, एक हात मेजावर टेकलेला. नव्या पिढीला ती माणसे कठोर वाटतात. घर पाडून इमारत उभी राहते, तेव्हा हे चित्र अनेकदा रद्दीत जाते. मात्र छायाचित्र कसे घडत असे हे एकदा समजले, की तेच चित्र निराळे बोलू लागते.

१९ व्या शतकात काचेवर रासायनिक लेप चढवून, तो ओला असतानाच चित्र टिपावे लागे. अंधाऱ्या खोलीतील पुढची क्रियाही त्वरित उरकावी लागे. प्रकाश कित्येक सेकंद आत घ्यावा लागत असल्याने तेवढा वेळ हसू टिकत नसे. मेजावरचा हात देह हलू नये म्हणून टेकलेला असे. चेहऱ्यावर दिसतो तो कठोरपणा नव्हे, स्थैर्य होय. शिवाय त्या काचांवर निळा रंग चटकन उमटे, तांबडा जवळजवळ उमटतच नसे. म्हणून अशा चित्रांत आकाश कोरे आणि लाल पगडी काळी दिसते.

या मर्यादांतून कला साधणारे राजा दीनदयाळ हे जैन जवाहिऱ्यांच्या कुळातले. १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून ते इंदूरला नोकरीस लागले आणि १८७४ च्या सुमारास छायाचित्रणाकडे वळले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. हिरा कोणत्या कोनातून उजळतो हे जाणणाऱ्या कुळातील पुरुषाने प्रकाशाचीच पारख आयुष्यभर केली, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

आजच्या चित्रालाही हीच पारख लागू पडते. वसईच्या किल्ल्यातील कोरीव दगड भर दुपारी सपाट भासतात; सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेला सावली मिळते आणि नक्षी उठून दिसते. देरासरातील शिल्पांचेही तसेच. छायाचित्रकार कोठे उभा राहिला, किती प्रकाश घेतला, चौकटीबाहेर काय ठेवले, हे विचारू लागल्यावर प्रत्येक चित्र हा सत्याचा एक नय आहे, पूर्ण सत्य नव्हे, हे अनेकान्ताचे तत्त्व डोळ्यांनाच पटते.

घरातील वडीलधारी मंडळी चेहरे ओळखतात तोवरच प्रत्येक जुन्या चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल हलक्या हाताने लिहून ठेवावे. तंत्र पुस्तकांतून केव्हाही शिकता येते. पुसले गेलेले नाव मात्र कोणतेही पुस्तक परत देत नाही.