डोंगराला फवाऱ्याचा गिलावा

सुरुंग उडाला, धूर निवळला, दगड उपसले. आता डोक्यावर ताजा, उघडा पडलेला खडक! बोगद्यातली ही सगळ्यात नाजूक वेळ. अशा वेळी खडकाला तातडीनं सावरतं ते शॉटक्रीट, म्हणजे हवेच्या दाबानं फवारलेलं काँक्रीट. त्याच्या या काही भन्नाट गोष्टी.

जनक कोण? प्राण्यांत पेंढा भरणारा!
कार्ल एकली हे शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब पुतळे घडवायचे. १८९६ साली आफ्रिकेत अंगावर आलेल्या बिबट्याला त्यांनी नुसत्या हातांनी मारलं होतं. म्युझियमची इमारत होती १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातली, आणि तिच्या भिंतींचे पोपडे निघत होते. १९०७ मध्ये एकलींनी त्यावर सिमेंट फवारणारी बंदूकच तयार केली. १९११ मध्ये तिचं पेटंट मिळालं. ‘गनाइट’ या नावात ती बंदूक आजही आहे.

थापी तीच, फक्त हवेची
गवंडी थापीनं माल भिंतीवर जोरात मारतो, म्हणून तो चिकटतो. इथे तोच जोर हवा देते. ‘कोरड्या’ पद्धतीत सिमेंट-वाळू पाइपातून कोरडी येते आणि पाणी थेट नोझलपाशी मिळतं. ‘ओल्या’ पद्धतीत कालवलेलं काँक्रीटच पंपानं येतं. नोझलपाशी त्यात हवा आणि झटपट घट्ट करणारं रसायन मिसळतं, म्हणून छतावरचा थरसुद्धा काही मिनिटांत आवळतो.

आधी पाया, मग कळस
फवारणी भिंतीच्या तळापासून वर चढत जाते. कारण आपटून उडालेले खडे खाली पडतात, आणि त्यांच्यावरच फवारलं तर आत पोकळी राहते. नोझल भिंतीला काटकोनात, साधारण एक ते दोन मीटरवर धरायचं आणि छोटी वर्तुळं काढत फिरवायचं. हात तिरपा झाला की माल जास्त उडतो. पडलेला माल पुन्हा वापरायचा नाही, हा पक्का नियम.

काँक्रीटमध्ये तारांचे तुकडे
जाळी ठोकत बसायला वेळ नसेल तर काँक्रीटमध्येच पोलादाचे बारीक तंतू मिसळतात. साधारण तीन सेंटिमीटरचे हे तुकडे तडा रुंदावू देत नाहीत. मातीत भुस्सा कालवून भिंती लिंपणाऱ्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही!

डोंगरच डोंगराला पेलतो
काही सेंटिमीटरचा थर आख्खा डोंगर कसा तोलेल? तो तोलतच नाही. खडक सुटा होऊन ढासळण्याआधीच तो त्याला बांधून ठेवतो, आणि बोगद्याभोवतीचा खडक स्वतःच कमान होऊन भार वाहतो. ऑस्ट्रियाच्या राब्सेविच यांनी १९६२ साली साल्झबर्गमध्ये या पद्धतीला ‘नवी ऑस्ट्रियन बोगदा पद्धत’ असं नाव दिलं. यात भिंती किती मिलिमीटर आत सरकल्या याची सतत मोजणी होते, आणि त्यावरून पुढचा आधार ठरतो.

रोहतांगपासून गिरगावपर्यंत
३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा याच पद्धतीचा. मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या दाट वस्तीखाली मेट्रो-३ ची स्थानकं खोदताना हीच पद्धत कामी आली. बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटर बोगद्यापैकी घणसोली-शिळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा टप्पाही तिचाच.

टकटक परीक्षा
थर वाळल्यावर हातोडीनं ठोकून बघतात. खणखणीत आवाज आला तर काम चोख. बद्द आला तर मागे पोकळी, तेवढा भाग काढून पुन्हा फवारायचा. बऱ्याच बोगद्यांत यावर गुळगुळीत काँक्रीटचं अस्तर चढतं आणि हा खडबडीत थर कायमचा झाकला जातो. म्हणून तर ती टकटक महत्त्वाची: अस्तर चढायच्या आत ऐकलं ते ऐकलं.