जुन्या पिकअपला जादा दिवे लावताना



गेल्या महिन्यात दोन वेगवेगळ्या गटांच्या बैठकीत एकच विषय निघाला. पिकअप जुनी, सेकंडहँड घेतलेली. रात्री एक-दीडला भाजी भरून निघते, माळशेज घाट उतरते आणि कल्याणच्या मार्केटला जाते. ड्रायव्हर म्हणतोय, रात्री नीट दिसत नाही, पुढे जादा दिवे लावून द्या. खर्चाला मंजुरी द्यायची का, आणि दिलीच तर वायरमनला काय सांगायचं? "ते गाडीचं काम, त्यांनाच कळतं" असं म्हणून सही करून मोकळं होता येतं. पण हप्ता आपण भरतोय. आणि मालाबरोबर त्या गाडीत आपल्यातलीच एखादी ताई बसलेली असते.

मी समाजकार्य शिकले, वायरिंग नाही. पण गटाच्या गाड्यांच्या निमित्ताने वायरमनच्या शेजारी तासन् तास उभी राहिले, नाही नाही ते प्रश्न विचारले. त्यातून जे पक्कं कळलं ते लिहिते आहे.

पहिली गोष्ट, नवे दिवे घ्यायच्या आधी आहेत ते दिवे तपासा. जुन्या गाडीचा उजेड कमी होतो तो बऱ्याचदा बल्बमुळे नाही. काच पिवळी पडलेली असते, आतला चकचकीत भाग काळवंडलेला असतो, नाहीतर वायर आणि अर्थिंग गंजलेलं असतं. वायरमनकडे मल्टीमीटर असतो. इंजिन चालू, हेडलाईट चालू, अशा वेळी आधी बॅटरीवर व्होल्ट बघायचे आणि मग हेडलाईटच्या मागच्या सॉकेटवर. बॅटरीवर साधारण 14 आणि सॉकेटवर 12 दिसले, तर दोन व्होल्ट वाटेतच खाल्ले गेले. हॅलोजन बल्बचं असं आहे की व्होल्ट थोडे कमी झाले तरी उजेड खूप कमी होतो. एक व्होल्ट गेला की साधारण पाव हिस्सा उजेड गेला असं समजा. अशा गाडीला नवे दिवे लावून उपयोग काय? आधी ती गळती काढा. कदाचित त्यातच भागेल.

काही ड्रायव्हर यावर सोपा उपाय काढतात. मूळचा 60/55 वॅटचा बल्ब काढून 100/90 चा घालतात. चार दिवस झगझगीत उजेड पडतो. मग सॉकेट वितळतं, कारण आतली वायर तेवढ्या करंटसाठी नसते. हे करू देऊ नका.

आता जादा दिवे. इथे समजून घ्यायची गोष्ट एकच आहे, ती समजली की बाकी सगळं त्यातून येतं. दिव्यांचा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जाता कामा नये.

हिशोब करूया. 55 वॅटचे दोन दिवे म्हणजे 110 वॅट. गाडीची लाईन 12 व्होल्टची. 110 भागिले 12, म्हणजे 9 अँपिअरच्या वर करंट. तुम्ही म्हणाल, नऊ म्हणजे किती ते आम्हाला काय माहीत. घरातल्या 9 वॅटच्या एलईडी बल्बशी तुलना करा. तो 230 व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी घेतो. गाडीत व्होल्ट कमी असतात म्हणून तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. जास्त करंट म्हणजे जाड वायर. ठिबकच्या बारीक नळीतून दोन इंची पाईपाचं पाणी काढता येत नाही, तसंच. फरक इतकाच की पाणी अडतं, वायर तापते.

पण घाईत काम कसं होतं? बॅटरीपासून बारीक वायर आत स्विचपर्यंत, स्विचमधून परत पुढे दिव्यांपर्यंत. दिवे लागतात, पैसे देऊन झाले, सगळे खूश. आपल्याच एका गटाच्या गाडीत असं काम झालं होतं. घाटात धुक्यात अर्धा तास दिवे चालू राहिले, डॅशबोर्डमागे वास यायला लागला आणि स्विच वितळून हेडलाईटची वायरही त्यात चिकटली. सगळेच दिवे गेले. गाडीत टोमॅटो होते आणि दोन ताया. मोबाईलच्या बॅटरीवर गाडी कडेला घेतली. कुणाला काही झालं नाही.

यावरचा इलाज म्हणजे रिले. नाव नवीन वाटेल, पण वस्तू तुम्ही रोज वापरता. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण आपण बोटाने दाबतो, पण मोटारीचा करंट त्या बटणातून जात नाही. बटण फक्त आतल्या कॉइलला इशारा देतं, कॉइल पट्टी खेचते आणि मोठा करंट त्या पट्टीतून जातो. रिले म्हणजे काडेपेटीहून लहान असा गाडीचा स्टार्टर. स्विचला फक्त इशाऱ्याचं काम उरतं, आणि त्याला बारीक वायर चालते.

रिलेला चार पाय असतात आणि प्रत्येकावर आकडा असतो. 30 वर बॅटरीची वायर येते. 87 वरून दिव्यांना जाते. 86 वर स्विचची वायर आणि 85 अर्थला. काही रिलेला मध्ये पाचवा पाय असतो, 87 च्या पुढे ए लिहिलेला. तो मोकळा ठेवायचा. चुकून दिव्यांची वायर त्यावर लागली तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि सकाळपर्यंत बॅटरी उतरते.

बॅटरीतून निघालेल्या वायरवर फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीजवळ हवा, वीतभर अंतरात. इथे बरेच जण फसतात. फ्यूज दिव्यांजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली ना! ती बॉडीला घासून सोलली तर फ्यूजला पत्ताही लागणार नाही, वायर जळत जाईल. वर सांगितलेल्या दोन दिव्यांना 15 अँपिअरचा फ्यूज पुरतो, तो निळ्या रंगाचा असतो. पिवळा 20 चा, हिरवा 30 चा. निळा उडाला म्हणून कुणी हिरवा बसवत असेल तर थांबवा. फ्यूज का उडाला ते आधी शोधायचं. तार गुंडाळून लावणं तर नकोच, घरातही नको आणि गाडीतही नको.

बॅटरी ते रिले आणि रिले ते दिवे ही वायर 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या. दुकानात "अडीच एमएम" म्हटलं की देतात. दिव्यांचं अर्थिंग रंगावर स्क्रू मारून होत नाही. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर थिंबल लावून बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस. बोनेटमधून वायर जाते तिथे प्लास्टिकचा घड्यांचा पाईप, आणि पत्र्याच्या भोकात रबरी बुश.

रिले, फ्यूज होल्डर, पाईप यांचा खर्च दिव्यांच्या मानाने किरकोळ असतो. तरी कोटेशनमधून नेमकं तेच गळतं. म्हणून ठरावात नुसतं "दिवे बसवणे" लिहू नका; "रिले, बॅटरीजवळ फ्यूज आणि अडीच एमएम वायरसह" असं लिहा. पावतीतही तसंच मागा.

दिवे कोणते घ्यायचे? घाटातल्या धुक्यासाठी लांब झोताचे दिवे कामाचे नाहीत. धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत दिसते. धुक्याला फॉग लाईट, बंपरच्या पातळीवर खाली बसवलेले, पसरट उजेडाचे. लांब झोताचे दिवे मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यासाठी. त्यांच्या स्विचला वायर हेडलाईटच्या अप्परवरून घ्यायला सांगा, म्हणजे ड्रायव्हरने डिपर मारला की जादा दिवेही आपोआप विझतात. फॉग लाईटची वायर पार्किंग लाईटवरून. टपावर लावायच्या एलईडी पट्ट्या मला तरी पसंत नाहीत. करंट कमी खातात हे खरं, पण समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला काही दिसत नाही. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे चालतही नाहीत. दिवे घेण्याआधी आरटीओच्या माणसाला एकदा विचारून घ्या, आणि विम्याच्या एजंटलाही.

शेवटी उजेडाची पातळी. ती रिकाम्या गाडीवर लावली तर उपयोग नाही. मागे दीड टन माल चढला की पिकअपचं तोंड वर होतं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतात. म्हणून नेहमीचा माल भरून, सपाट जागेवर, भिंतीपासून 25 फुटांवर गाडी उभी करा. भिंतीवर दिव्याच्या उंचीवर खडूने रेघ मारा. लांब झोताचा मधला भाग रेघेच्या दोन-तीन इंच खाली पडला पाहिजे. फॉग लाईटचा वरचा काठ त्याहून खाली.

मग इंजिन चालू ठेवून अर्धा तास दिवे लावून ठेवा. बंद करून स्विच, रिलेच्या वायरी आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट लागलं तर चालेल. हात ठेववत नसेल तर वायरमनला त्याच वेळी दाखवा, आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.